चार नंबरची सीडी

नॅश्केल गावाबाहेर एक जत्रा भरलेली असते. तंबू, जुगारवाले, औषधं विकणारे, आणि त्या सगळ्या गर्दीत एक दगडाची बाई उभी असते. मी तिच्या बाजूने सात-आठ वेळा तरी गेलो असेन. मला वाटलं असेल एखादा पुतळा, जत्रेत ठेवतात तसा. २००३ चा मे महिना होता, आणि नागपूरचा मे म्हणजे दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय काढायचा नाही. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि कूलरचा आवाज एवढा की स्पीकर कानाशी ओढून बसावं लागायचं. गेम होता बाल्डर्स गेट, कॅनडाच्या बायोवेअरने १९९८ मध्ये बनवलेला, पाच सीडींचा.

ती बाई पुतळा नव्हती. ब्रॅनवेन तिचं नाव, कोणीतरी जादूने तिला दगड करून ठेवलेली. तिच्या जवळच एक माणूस ती जादू उतरवायचा मंत्र विकतो, तो विकत घेऊन तिच्यावर वाचला की ती जिवंत होते आणि म्हटलं तर पुढचा अख्खा गेम तुमच्यासोबत चालते, लढते, जखमा भरून देते. तो माणूस सगळं सांगतोही, पण मी त्याला जत्रेतल्याच कुठल्यातरी विक्रेत्यात धरून पुढे निघून जायचो. मला ब्रॅनवेनबद्दल गेमकडून कळलंच नाही, एका पोट्ट्याकडून कळलं.

त्या उन्हाळ्यात घरच्यांनी मला महाल भागातल्या एका एमएस-सीआयटीच्या क्लासला घातलं होतं. सकाळी सात ते नऊ, ऊन चढायच्या आत. बाजूच्या मशीनवर बसणारा पोट्टा वहीच्या मागच्या पानावर काहीतरी काढत बसायचा. एक दिवस वाकून पाहिलं तर पूल, पायऱ्या, आणि खड्ड्यांच्या चौकटी. बाल्डर्स गेटमध्ये नोल नावाच्या राक्षसांचा एक किल्ला आहे, अगदी तसा. मी म्हटलं, "हा नोलचा किल्ला आहे का?" त्याने पटकन वही झाकली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुले कसं माहीत बे?"

क्लास सुटल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो ते पायऱ्या तापेपर्यंत. तो नंदनवनला राहायचा म्हणून मी त्याला नंदनवनच म्हणायला लागलो, पुढे घरचे पण तेच म्हणायचे, "तुझा नंदनवन आला". त्याने विचारलं, ब्रॅनवेन घेतली का. मी म्हटलं कोण ब्रॅनवेन. "अबे ती जत्रेतली. दगडाची." मला अजून आठवतं, घरी जाताना सायकलवर मला असं वाटत होतं की कोणीतरी माझी किती दिवसांपासून वाट पाहून राहिलं आणि मी रोज तिच्यासमोरून जाऊन राहिलो.

आणि अजून एक गोष्ट. माझ्या पाचपैकी चार नंबरची सीडी पार घासलेली होती. तो गेम एका भागातून दुसऱ्या भागात गेलं की सीडी बदलायला सांगायचा, आणि चार नंबर मागितली की माझं तिथेच थांबायचं. नंदनवनने दुसऱ्या दिवशी त्याची चार नंबर रुमालात गुंडाळून आणली. म्हणे, "खेळून घे, मग दे."

आता वीस वर्षांनंतर लोक जुन्या आणि नव्या गेम्सची तुलना करतात तेव्हा ग्राफिक्सवर बोलतात, अवघडपणावर बोलतात. माझं मन मात्र एकाच गोष्टीवर अडकतं, सोबती कसा भेटायचा. तो कुठे सापडायचा, तो सापडला नाही तर काय व्हायचं, आणि सापडल्यावर तो आपला कसा व्हायचा.

सुरुवातीच्या गेम्समध्ये तर सोबती भेटायचाच नाही, तो बनवावा लागायचा. १९८१ च्या विझर्ड्रीत तुम्ही सहा जणं स्वतःच तयार करायचे, नाव पण तुम्हीच द्यायचं, आणि मग त्यांना घेऊन भुयारात उतरायचं. कितीतरी जणांनी तिथे मित्रांची आणि भावंडांची नावं दिली असतील. १९८७ च्या डंजन मास्टरमध्ये भिंतींवर आरसे असतात, प्रत्येकात एकेक अडकलेला माणूस, एकूण चोवीस, आणि त्यातून चारच निवडायचे. बाकीचे वीस आरशातच राहतात. मी हा गेम खूप उशिरा खेळलो पण त्या आरशांसमोर मला चांगला वेळ लागला, कारण निवडणं म्हणजे बाकीच्यांना नाही म्हणणं, हे त्या गेमने एका खोलीत दाखवून दिलंय.

बाल्डर्स गेटमध्ये मात्र सोबती जगात पेरलेले होते. एकूण पंचवीस, आणि तुमच्यासोबत एका वेळी फक्त पाच. जाहेरा आणि खालिद एका सराईत वाट पाहत असतात, नवरा-बायको, एकाला काढलं तर दुसरा पण निघून जातो. झान नावाचा एल्फ खाणीच्या पार तळाशी कैदेत, म्हणजे अख्खी खाण पार केल्याशिवाय तो आहे हेच कळत नाही. व्हिकोनियाच्या मागे एक शिपाई लागलेला असतो आणि ती मदत मागते, तिथल्या तिथे ठरवायचं, विचार करायला वेळ नाही. आणि मिन्स्क, टकल्या, धिप्पाड, हातात बू नावाचा हॅमस्टर. तो नॅश्केलमध्ये भेटतो आणि म्हणतो माझ्या डायनाहेरला नोलच्या किल्ल्यातून सोडवायला चला. तुम्ही हो म्हणून टाळाटाळ केली तर तो चिडतो. मी केली होती. मला वाटलं गेममधला माणूस आहे, थांबेल. पण तो आमची सोबतच सोडून गेला, मित्रासारखा, आणि तेव्हा मला खरंच लाज वाटली होती.

त्या मिन्स्कबद्दल मला पुढे कळलं ते फार आवडलं. बायोवेअरचे डिझायनर जेम्स ओलेन घरी मित्रांसोबत कागद-पेन्सिलीचं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचे, आणि मिन्स्क हे त्या टेबलावर कॅमेरॉन टोफर यांनी खेळलेलं पात्र होतं. म्हणजे तो आधी कोणाच्या तरी मित्राने उभा केलेला माणूस होता आणि मग गेममध्ये आला. मला वाटतं ते जाणवतं.

गंमत अशी की पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये हे सोबती बोलतच नाहीत फारसे. चार-दोन वाक्यं, भांडताना दोन शब्द, बस. मोठमोठे संवाद, प्रेमप्रकरणं, प्रत्येकाची स्वतःची गोष्ट हे सगळं २००० मध्ये दुसऱ्या भागात आलं. मग पहिल्या भागातली माणसं मला एवढी जवळची का वाटतात? कारण बाकीचं आम्ही भरायचो. नंदनवनचा ग्रुप वेगळा, माझा वेगळा, तो दुष्टांना घेऊन फिरायचा, मी ब्रॅनवेनला पुढे ठेवून, आणि संध्याकाळी लँडलाइनवर आम्ही आपापल्या माणसांच्या तब्येतीच्या बातम्या द्यायचो. "खालिद मेला बे आज, मग जाहेरा पण गेली का?" असं. आई विचारायची कोण मेलं.

आणि सहा जागा भरल्या की सातवा घ्यायचा तर कोणाला तरी सोडावं लागायचं. सोडलं तर तो जिथे सोडलाय तिथेच उभा राहायचा. जंगलात सोडलं तर जंगलात. तुम्ही दहा दिवसांनी त्या वाटेने परत गेलात तर तो तिथेच. मी एकदा गॅरिक नावाच्या गाणाऱ्या पोराला रस्त्यात सोडलं, चांगला लढणारा मिळाला म्हणून, आणि नंतर परत त्या बाजूने गेलो तर तो उभा. मी नकाशात ती वाट टाळायला लागलो.

फॉलआउटचं पण सांगायला पाहिजे. १९९७ चा गेम, अणुयुद्धानंतरचं वाळवंट. त्यात सोबत्यांसाठी नीट सोयच केलेली नव्हती, लढाईत त्यांना काय करायचं हे तुम्ही सांगू शकत नाही, त्यांचं चिलखत बदलू शकत नाही. इयनला शंभर ढक्कन देऊन सोबत घ्यायचं (तिथे बाटलीची झाकणं हेच पैसे) आणि मग तो मागून मशीनगन चालवतो आणि गोळ्या तुमच्या पाठीत. तरी मी त्याला कधी काढलं नाही. आणि डॉगमीट. जंकटाउनमध्ये एका घराच्या दाराशी एक कुत्रा बसलाय, घरमालकाला आत जाऊ देत नाही. त्याला खायला द्या किंवा चामड्याचं जॅकेट घालून जवळ जा, त्याचा आधीचा मालक तसं जॅकेट घालायचा, तो तुमच्यामागे येतो. झालं. ना संवाद, ना अटी. पुढे एका लष्करी तळावर विजेचे पडदे आहेत, आणि कुत्र्याला ते कळत नाही, तो तुमच्या मागे यायचा म्हणून सरळ त्यात धावतो. मी किती वेळा आधी जपून ठेवलेली सेव्ह लोड करून मागे गेलो असेन त्या एका ठिकाणी. शेवटी त्याला तळाबाहेर ठेवायची युक्ती मी आणि नंदनवनने मिळून शोधली, आणि ती पण दर वेळी चालायची नाही.

आमच्या घराजवळच्या सायबर कॅफेत जुने जपानी गेम्स पण चालायचे, तासाला वीस रुपये. फायनल फँटसीचा सहावा भाग, १९९४ चा, तिथेच पाहिला. त्यात शॅडो नावाचा एक माणूस आहे, पैसे घेऊन काम करणारा, केव्हाही निघून जाणारा, सोबत एक कुत्रा. अर्ध्या गेमनंतर आकाशात तरंगणारा एक भूभाग कोसळायला लागतो, स्क्रीनवर घड्याळ उलटं चालतं, तो तुम्हाला वाचवायला मागे थांबलेला असतो, आणि तुम्ही कड्यावर पोचल्यावर गेम विचारतो, उडी मारायची की थांबायचं. सगळं ओरडून सांगत असतं की उडी मारा. पण थांबलात, पार शेवटच्या पाच सेकंदांपर्यंत थांबलात, तर तो धावत येतो. उडी मारली तर तो मेला, आणि गेम त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. मी पहिल्यांदा उडी मारली होती. तो वाचू शकतो हे मला गेम संपवल्यावर कितीतरी महिन्यांनी कळलं.

जुन्या गेम्समध्ये माणूस सुटून जाऊ शकायचा. १९९९ च्या प्लेनस्केप: टॉरमेंटमध्ये नॉर्डम नावाचा सोबती एका खेळण्यात लपवलेल्या भूलभुलैयात आहे, आणि किती जणांनी तो गेम संपवला पण नॉर्डम आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. बनवणाऱ्यांनी एक अख्खा माणूस लिहिला, त्याचे संवाद लिहिले, आणि मग तो अशा जागी ठेवला जिथे बरेच जण पोचणारच नाहीत. मला ही फार मोठ्या मनाची गोष्ट वाटते. कारण मग ज्याला तो सापडतो त्याला खरंच सापडतो.

मधल्या काळात हे बदलत गेलं. २००९ च्या ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये अजून जुनं वळण होतं, लोदरिंग गावात स्टेन पिंजऱ्यात उभा असतो, त्याच गावात लेलियाना, आणि त्यांना न घेता पुढे निघून गेलात तर नंतर ते गावच उद्ध्वस्त होतं, माणसं गेली. पण २०१० च्या मास इफेक्ट २ मध्ये तुमच्या हातात फाइल्सच येतात. हा अमुक ग्रहावर, ती तमुक तुरुंगात, जा आणि घेऊन ये. शोधायचं काही उरलंच नाही, यादी उरली. त्या वेळी मी चिडलो होतो. आता तेवढा चिडत नाही, कारण त्या गेमने माणूस मिळवणं हीच गोष्ट केली, प्रत्येकासाठी एक अख्खी मोहीम, मग त्याचं घरचं काही दुखणं असेल ते निस्तरायला दुसरी, आणि शेवटच्या लढाईत तुम्ही कोणाला कुठल्या कामावर लावता त्यावर कोण जगणार हे ठरतं. तिथे तुम्ही माणसं किती नीट ओळखली याची परीक्षा आहे. ही खोली जुन्यात नव्हती, हे मान्य करायलाच पाहिजे.

मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये बाल्डर्स गेट ३ आला, आता बेल्जियमच्या लारियनने बनवलेला, आणि माझा पंधरा वर्षांचा भाचा तो खेळायला लागला. ताई नागपुरातच बेसाला राहते. डिसेंबरात मी तिकडे आठवडाभर होतो, अधिवेशनामुळे शहरातले निम्मे रस्ते बंद, थंडी चांगली पडलेली, आणि आम्ही दोघं एका चादरीत. मी पाहत होतो. शॅडोहार्ट वाटेतच भेटते. अ‍ॅस्टेरियन वाटेत. गेलचा तर नुसता हात एका दगडातून बाहेर आलेला असतो, ओढून काढायचा. सगळे सुरुवातीच्या एवढ्याशा भागात, जणू काही दाराशी येऊन उभे. सोबत घेऊन फिरायला तुम्ही धरून चारच, पण बाकीचे सगळे कॅम्पवर थांबतात, रागावत नाहीत, कोणाला रस्त्यात सोडावं लागत नाही. आणि काही बोललं की वर कोपऱ्यात लिहून येतं, अमक्याला आवडलं, तमकीला आवडलं नाही.

भाच्याकडे फोनवर यादी होती. कोण कुठे भेटतं, कोणाला काय म्हटलं तर आवडतं. नापसंती आली की तो लगेच लोड करायचा आणि दुसरं उत्तर द्यायचा. मी म्हटलं, "अरे, राहू दे नं नाराज. माणूस आहे." तो म्हणाला, "मामा, पण मग पुढे सीन मिळत नाही." मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, त्याच्यावर राग नाही आला. ते आकडे दाखवल्यावर कोणीही तसंच करेल. मला नंदनवन नाराज झाला की चार दिवस कळायचंच नाही काहून झाला, आणि ते चार दिवस मी विचार करत बसायचो. त्या विचारातच तो मला कळत गेला.

मी एक अट घातली. आठ दिवस यादी बंद, फोन माझ्याकडे. तो कुरकुरला, पण कबूल झाला.

तिसऱ्या दिवशी विल त्याच्यासोबत होता. विल हा राक्षस मारणारा तरुण, आणि तो म्हणतो मी कार्लाक नावाच्या एका सैतानी बाईच्या मागावर आहे, ती खुनी आहे. भाच्याने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार, विल चांगला माणूस आहे. नदीकाठी कार्लाक सापडली, जखमी, ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती, ऐकून घ्या म्हणत होती, आणि भाच्याने पटापट बटणं दाबून सरळ हल्ला केला. जिंकला. खूश होता. मला माहीत होतं, आणि मी काही बोललो नाही. हे बरोबर केलं का हे मला आजही सांगता येत नाही.

दोन दिवसांनी तो शाळेतून आला आणि दप्तर न काढता माझ्यासमोर उभा राहिला. "मामा, कार्लाकला सोबत घेता येत होतं." मित्राने सांगितलं होतं. ती खुनी नव्हती, तिला फसवून नरकात विकलं होतं, ती तिथून पळून आलेली. "ती सांगत होती नं मला," तो म्हणाला. जुनी सेव्ह होती त्याच्याकडे. मी फोन परत दिला, म्हटलं हवं तर मागे जा. त्याने बराच वेळ त्या सेव्हकडे पाहिलं आणि मग तसाच पुढे खेळला, कार्लाकशिवाय, विलशी फारसं न बोलता. त्या दिवसानंतर तो प्रत्येक माणसाचं पूर्ण ऐकून घ्यायला लागला, कोंबड्या विकणाऱ्याचं पण.

म्हणजे नव्या गेममध्ये पण माणूस सुटू शकतो. मी इतकी वर्षं जुन्याला नव्याच्या विरुद्ध उभं करून बसलो होतो आणि माझ्यासमोर एका पंधरा वर्षांच्या पोराला तेच झालं जे मला जत्रेतल्या दगडाच्या बाईसमोर झालं होतं, किंवा त्याहून जास्त, कारण मी नुसता बाजूने गेलो होतो. फरक यादीचा आहे. यादी हातात असली की कोणीच भेटत नाही, फक्त जमा होतात.

त्याला मी मग माझं जुनं सगळं सांगितलं, ब्रॅनवेन, मिन्स्क, गॅरिक रस्त्यात उभा होता ते, आणि नंदनवन. त्याने विचारलं, "मग तो मित्र कुठे आहे आता?" मी सांगितलं, बारावीनंतर मी औरंगाबादला गेलो, त्याने इथेच अ‍ॅडमिशन घेतली, मग नवीन मित्र झाले, लँडलाइन बंद झाले. भांडण काहीच नाही. मी परत नागपूरला आलो त्यालाही आता नऊ वर्षं झाली. नंदनवन माझ्या घरापासून सहा किलोमीटर आहे.

घरी गेल्यावर माळ्यावरचा सीडीचा पाउच काढला. चार नंबरची सीडी त्यात होती, त्याच्या अक्षरात, निळ्या मार्करने लिहिलेला ४. खेळून घे, मग दे, असं म्हणाला होता. म्हणजे वीस वर्षं त्याच्याकडे चारच होत्या आणि तो गेम त्याला कधीच पूर्ण खेळता आला नसणार, आणि त्याने कधी मागितली पण नाही.

रविवारी भाच्याला मागे बसवून गेलो. गल्ली बदलली आहे, खाली दुकानं झाली आहेत, पण घर तेच, गेटजवळचं कडुनिंबाचं झाड तेच. त्याची आई बाहेर आली. मी नाव सांगितलं, ओळखलं नाही, मग म्हटलं काकू, क्लासवाला, सायकलवर यायचो. "अरे, तो बिनसाखरेचा चहा?" म्हणाल्या. तेच आठवत होतं त्यांना. बसवलं, चिवडा दिला, भाच्याच्या हातावर संत्र्याची बर्फी ठेवली. नंदनवन आता पुण्याला असतो, लग्न झालं, एक मुलगी. नंबर दिला, मी सेव्ह केला. सीडी मी त्यांच्याकडे दिली नाही, खिशातच ठेवली.

निघताना मी विचारलं, इकडे येतो का तो. काकू म्हणाल्या, दिवाळीला नाही जमत नेहमी, पण मारबतीच्या मिरवणुकीला येतोच, एक वर्ष चुकवलं नाही, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन नेहरू पुतळ्याजवळ उभा राहतो, दोन्ही मारबती जाईपर्यंत.

मी पण तिथेच उभा असतो, दरवर्षी.